शेवंतीचा डावा डोळा

माळेगाव यात्रा, २० डिसेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायला निघाला असशील तर आधी एवढं वाच. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि मला वाटणीबिटणी काही नको. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस. निरोप पाठवला तर निरोप्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावतोस. म्हणून कागद घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. बहिणीचं म्हणून नको वाचूस, घोड्याचं म्हणून वाच.

काल येळवस, वेळा अमावस्या. तुमच्या शेतात पूजेला कडब्याची कोप घातली असेल, भज्जी-आंबिलीचा घमघमाट सुटला असेल. आम्ही मात्र माळेगावच्या घोडेबाजारात धूळ खात फिरत होतो, तनुजासाठी घोडं बघायला. तुझी भाची आता पंधराची झाली. शेवटची बघितलीस तेव्हा तुझ्या खांद्यावर बसून म्हशींना नावं ठेवत होती. आता लातूर रोडला शरदचंद्र सरांकडे घोडेस्वारी शिकते. सर घोडदळातून निवृत्त झालेले, मिशी अजून नोकरीत आहे. त्यांनी तिला फेब्रुवारीत पुण्याच्या स्पर्धेत उतरवायचं ठरवलंय, खालच्या गटात. इव्हेंटिंग म्हणतात त्याला. एकाच घोड्यावर तीन परीक्षा असतात: आधी शिस्तीत चालून दाखवायचं, मग माळरानावर ओंडके, चर आणि पाणी ओलांडत पळायचं, शेवटी मैदानात रंगीत दांड्या न पाडता उड्या मारायच्या. ह्यांचं म्हणणं, म्हणजे वरातीचं, टपालाचं आणि सर्कशीचं घोडं एकाच कातड्यात पाहिजे. नवऱ्याचे विनोद मी सहन करते, तूही कर.

तीन घोडी निवडून काढली. पहिला पांढराशुभ्र, गळ्यावर देवमणाचा शुभ भोवरा, चारही पाय बघत राहावेत असे. बाजारातला प्रत्येक म्हातारा त्याच्यापुढे हात जोडत होता. पण ढोल वाजला की लागला नाचायला. माळरानावर कुठे हलगी ऐकली तर आमची तनुजा थेट लग्नमांडवातच पोचायची. दुसरा शर्यतीतला उंच गडी, डोळे सारखे फिरवणारा, पुढच्या पायाच्या नळीला सूज. सरांनी नुसता हात लावला तर मालक म्हणाला, "ते मच्छर चावलंय." सर म्हणाले, "मच्छर फार मोठा दिसतोय."

तिसरी एक कुमैत, तांबूस अंगाची घोडी. ठेंगणी, छाती रुंद, केस विंचरलेले नाहीत, गिऱ्हाईक नाही. बैलगाडीची धुरी आडवी पडली होती. तनुजानं तिला तिकडे नेलं. घोडी थांबली, मान खाली घालून धुरी नीट बघितली आणि पाऊल उचलून पलीकडे गेली. दुसऱ्यांदा नेलं तर न थांबता गेली. सर हळूच मला म्हणाले, "ह्या पातळीला पळणारं घोडं नको, विचार करणारं पाहिजे. पळणं शिकवता येतं." मग रुमालाखाली हात घालून त्यांचं आणि घोडीच्या मालकाचं, मुखेडच्या व्यापाऱ्याचं, बोटांनी भावाचं बोलणं झालं. सौदा कच्चा आहे. संक्रांतीपर्यंत घोडी सरांकडे राहील. स्पर्धेत नाव घालायचीही तीच मुदत आहे. नाही पटली तर व्यापारी परत नेणार.

तुझं मत हवं होतं. सात वर्षांची आहे, मागचा डावा पाय पांढरा, डाव्या डोळ्याखाली एक जुना डाग. बाकी अंगावर काही खोड नाही.

उज्वला


उदगीर, २८ डिसेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं, हा माझा मूर्खपणा.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहिली असती तर तू तिथेच पत्र बंद केलं असतंस. ती घोडी कुणाची, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तनुजा तिला फिरवत असताना मी बाजूला उभी राहून, आपले आबा बोलवायचे तसं जीभ टाळूला लावून दोनदा टक्‌टक्‌ केलं आणि म्हणाले, "ये गं बाय." अख्ख्या बाजारात एकच कान वळला. घोडी आली आणि नाक माझ्या खांद्यावर टेकवून उभी राहिली. ती आपली शेवंती आहे, दादा. वहिनीची शेवंती. तू हाळीच्या बाजारात विकलीस असं आपल्या गावच्या, इथे उदगीरला दिलेल्या गुणाबाईकडून ऐकलं होतं, पण तिथून ती कुणाकडे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती जन्मली त्या सकाळी मी गावी होते. वर्षाराणी वहिनीनं ओलं शिंगरू आपल्या जुन्या लुगड्यानं पुसलं होतं. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा दिसला आणि गोठ्यातल्या सगळ्यांचे चेहरे पडले. आसूढाळ! असल्या घोड्याचा मालक रडतो म्हणतात. वहिनी मात्र हसली. "अगं, शेवंतीचं फूल उमललंय की," म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

आता तिथे भोवरा नाही. तिथे केस न उगवलेला डाग आहे. व्यापारी म्हणतो, कुंपणाची तार लागली. त्याचा भाऊ म्हणतो, माशा बसून चिघळलं होतं. दोघं एका घरात राहतात, निदान खोटं तरी ठरवून बोलायचं. मला काय झालं असेल ते दिसतं. असली खोड तापल्या लोखंडानं डागून काढतात, म्हणजे गिऱ्हाइकाला कळत नाही. ह्यात नवीन काही नाही, आणि ते कुणी केलं हे विचारायला मी बसलेली नाही.

मला एकच गोष्ट हवी आहे. लातूरहून जनावरांच्या डॉक्टर इंदू येऊन घोडीला तपासून गेल्या. फार हुशार बाई. डाव्या बाजूला उभं राहून, बॅटरी लावून कितीतरी वेळ डोळा बघितला, घोडी देवळातल्या नंदीसारखी उभी. पाय, फुप्फुस, पाठ, सगळं चोख. डाव्या डोळ्यात मात्र एक पुसट पडदा आहे. त्या म्हणाल्या, "आज डोळा बघतोय. उद्याचं मी सांगू शकत नाही. घोड्यांना एक आजार असतो. डोळा मधूनमधून लाल होतो, पाणी गळतं, बरा झाल्यासारखा वाटतो, आणि दर खेपेला थोडी नजर घेऊन जातो. तसं असेल तर ह्या घोडीवर मुलीला उडी मारायला लावू नका. भाजल्याची जुनी खूण असेल तर ती आहे तशीच राहते, काही धोका नाही. तिला लहानपणी कुणी सांभाळलं, त्यांना विचारा."

विचारतेय. डोळा डागताना भाजला, की आधीपासूनच गळत होता? पानभर लिहू नकोस, एक शब्द लिही. माळरानावर डावीकडचा ओंडका घोडीला ऐन वेळी दिसला नाही तर काय होतं, हे मी तुला सांगायला नको.

उज्वला


उदगीर, ५ जानेवारी

दादा,

काल तनुजा पडली.

हाड मोडलेलं नाही. खांदा आणि कोपर सोलवटलंय, हेल्मेटला चीर गेली. ती तंबाखूच्या पुडीएवढ्या जखमेकडे बघून "काही नाही गं आई" म्हणत होती. मी शाळेत खेळ शिकवते, दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटतो, मी आयोडीन लावून पुढच्या मुलीला शिट्टी मारते. काल मला शिट्टी सापडली नाही.

झालं असं. दांड्यांवरून सुरेख चालली होती. सरांनी लगाम नीट करायला डावीकडून हात पुढे केला आणि शेवंती अशी उसळली की तनुजा सरळ कुंपणाजवळ जाऊन पडली. सर म्हणाले, "डावीकडचं दिसत नाही हिला. माणूस अचानक समोर आल्यासारखं वाटलं." त्यांचा आवाज मी असा पडलेला कधी ऐकला नव्हता. त्यांच्या मनात ती घोडी भरली होती. परवा मोतद्दार दाणा द्यायला त्याच बाजूनं गेला तर त्याचाही हात झटकला होता म्हणे, तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आणि तू गप्प.

तुला राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. वहिनीच्या दहाव्याला, घाटावर, सगळ्या भावकीसमोर मी बोलले. लोक म्हणत होते, शिंगराच्या आसूढाळानं घरची लक्ष्मी नेली. मला ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, "शिंगरानं नाही नेली. चार दिवस ताप अंगावर काढू दिला, उदगीरला आणायला उशीर केला, म्हणून गेली." तुझ्याकडे बघून म्हणाले. ते शब्द परत घ्यावेत असं तुला वाटत असेल तर मी घेणार नाही, दादा. खरं होतं ते. वहिनी माझीही कुणीतरी होती. आई गेल्यावर माझी वेणी तिनं घातली, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त ती रडली. तिच्यासाठी मला तुझ्यावर ओरडायचं होतं आणि मी ओरडले. पण त्यानंतर सात वर्षं मी दर राखीला तुझ्या दारापर्यंत पोचण्याचा बेत केला आणि दर वेळी जळकोटच्या स्टँडवरून परत फिरले, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आज सांगितलं.

राग माझ्यावर काढ. पोरीवर कशाला?

उज्वला


उदगीर, ९ जानेवारी

दादा,

हे शेवटचं. हे पत्र पोस्टात टाकत नाही, गुणाबाई उद्या माहेरी येते आहे, तिच्या हाती देते. म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय तुला उरणार नाही.

मी ठरवलंय. शेवंती परत जाणार. संक्रांतीला मुखेडचा व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. फोनवर मी त्याला सहज विचारलं, पुढे काय करशील हिचं? तो म्हणाला, "बाई, डोळ्याचा बभ्रा झाला. आता हिला घोडी म्हनून कोन घेतंय? वीटभट्टीवाल्याला देऊन टाकतो. मातीचं वझं वढायला डोळे कशाला लागत्यात?" मी फोन ठेवला आणि बराच वेळ भांडी घासत बसले, घासलेलीच.

तनुजा माझ्याशी बोलत नाही. आपल्या घराण्याचा गुण आहे, शिकवावा लागत नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, तिला दिसतं. मी वर बसलेली असते. मला कळतं." मी म्हणाले, तुला काय कळतं, पंधरा वर्षांची पोर. मग तिनं विचारलं, "मग डॉक्टर मॅडम डावीकडूनच गेल्या होत्या ना? तेव्हा का नाही उसळली? मी रोज डावीकडूनच चढते. तेव्हा?" मी तिला अभ्यासाला बसवलं.

दादा, मला घोडी हवी आहे. पहिल्या दिवसापासून हवी आहे, आणि ती चांगली आहे म्हणून नव्हे. तिनं खांद्यावर नाक टेकवलं तेव्हा मला वहिनीच्या गोठ्यातला वास आला आणि मी बाजारात उभ्या उभ्या रडले. अशा मनानं घोडं निवडायचं नसतं, हे तूच शिकवलंस. "घोडं डोळ्यानं घ्यावं, काळजानं न्हाई." म्हणून मला माझ्याच पसंतीची भीती वाटते. माझ्या हट्टापायी मी लेकीला आंधळ्या घोडीवर बसवीन आणि मग कुठल्या तरी घाटावर कुणीतरी माझ्याकडे बघून बोलेल. तेही खरंच असेल.

तू सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तू सांगशील असं आता वाटतही नाही. एवढंच लिहायचं होतं की ती वीटभट्टीवर जाईल तेव्हा आपण दोघांनी मिळून पाठवलेली असेल.

तुझी उज्वला


गावाकडून, १२ जानेवारी

उज्वलास,

घोडी परत देऊ नको. डोळा चांगला हाय. पोरीला बसू दे.

गुनाबाई दारात बसून ऱ्हायली, लिहिल्याबिगर उठत न्हाई म्हनली. ती नसती तरी लिवलं असतं का, ते मला सांगता येत न्हाई. तुझी आधीची तिन्ही कागदं वाचली. एक बी चुलीत घातलं न्हाई.

डोळा कधीच गळत नव्हता. आजार बिजार काही न्हाई. म्या डागलं. तू घाटावर बोललीस, त्याच्या दुसऱ्या दिशी. लोक आधीपासून म्हनतच हुते, डाग म्हनून. मी ऐकत नव्हतो. वर्षाराणीनं त्या भोवऱ्याला फूल म्हनलं हुतं, मग कसं डागावं? पन तू बोललीस आन् रातभर माझं डोस्कं फिरलं. तू म्हनलीस ते खरं निघू नये म्हनून म्या त्या शिंगराला डागलं. खोड त्याची ठरली असती तर माझी राहिली नसती.

तिला दावं लावलं न्हाई. लावायची गरजच नव्हती. आबाची हाक मारली की यायची. तशीच बोलावली. डाव्या अंगानं जवळ गेलो, ती नाक पुढं करून उभी. लोखंड टेकवलं आन् तिनं मान फिरवली, म्हनून वाफ डोळ्यात गेली. तो पडदा त्याचा हाय. जळकोटचा ढोरांचा डागदर आनला, त्यानं थेंब दिले. महिनाभर अंधारात बांधून ठिवलं, म्या सोता औषध घातलं. डोळा वाचला. पुन्हा एकदा बी लाल झाला न्हाई. तुझ्या डागदरीन बाईला सांग, भाजलेलंच हाय.

पन त्याच्या पुढं ती मला डाव्या अंगानं जवळ येऊ देईना. बाया माणसाला देती, लेकराला देती. बाप्या माणसाचा हात डावीकडून दिसला की उसळती. तुझा सर तिला दिसला न्हाई म्हनून नव्हं, दिसला म्हनून उसळली. ती आंधळी न्हाई, उज्वला. तिला माझा हात दिसतो. सरास्नी सांग, उजव्या अंगानं जावं, आधी बोलावं, हात खाली ठिवावा. उडी मारताना घोडीला काही सांगावं लागत न्हाई, शिंगरू हुती तवाबी बांध बघून उडायची; तनुजाला म्हनावं लगाम सैल सोड, ती बघून उडती.

रोज सकाळी दावणीला जायचो आन् ती त्वांड फिरवून घ्यायची. वर्सभर बघितलं. मग हाळीला नेऊन इकली. चांगल्या घरी जाईल वाटलं हुतं. वीटभट्टीचं वाचलं आन् भाकर गिळंना झाली.

तू घाटावर बोललीस ते मला समजलं हुतं. त्याच दिशी समजलं हुतं. दुसरं कुनी बोललं असतं तर भांडलो असतो आन् इसरलो असतो. तू वर्षाराणीची हुतीस, म्हनून तुज्याम्होरं उभं ऱ्हाता आलं न्हाई. जळकोटच्या स्टँडावरून परत जायचीस, ते मला ठावं हाय. येकदा म्या तिथंच हुतो, पानाच्या टपरीमागं. तू बसमधी चढेपर्यंत उभा ऱ्हायलो.

येळवसीला कोप घातली न्हाई. सात वर्सं झाली, घालत न्हाई.

संक्रांतीला सकाळच्या एसटीनं येतो. व्यापाऱ्यासंगं मी बोलतो, तू मधी पडू नको. मला शेवंतीच्या उजव्या अंगानं न्या. आबाची हाक तूच मार, मी मारनार न्हाई. तिनं मान वळवून बघितलं तर मी डाव्या बाजूला जाऊन उभा ऱ्हाईन, हात मागं बांधून. उसळली तर उसळली.

भागवत